सोलापूर जिल्ह्यातील गायराने

गायरान म्हणजे गावातील गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवलेली, कोणाही एका खातेदाराच्या मालकीची नसलेली सामायिक जमीन होय. महाराष्ट्रात अशी जमीन कागदोपत्री शासनाच्या मालकीची असते. तिच्या देखरेखीची जबाबदारी बहुधा ग्रामपंचायतीकडे असते आणि वापर गावकऱ्यांचा असतो. सोलापूर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात भूमिहीन मजूर, अल्पभूधारक, मेंढपाळ आणि भटक्या समाजातील कुटुंबे यांच्या उपजीविकेत गायरानाचा वाटा मोठा राहिला आहे. शेळ्या-मेंढ्यांचा चारा, चुलीचे सरपण, रानभाज्या, घराला लागणारी माती आणि प्रसंगी घर बांधण्याची जागा या गोष्टी त्यांना गायरानातून मिळत आल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जमिनींचे क्षेत्र आणि त्यांवरील गवत दोन्ही घटत गेले. उरलेली जमीन चराईसाठी जपावी की भूमिहीनांना कसण्यासाठी द्यावी, हा वाद महाराष्ट्रात सात दशके चालू आहे.

नाव आणि संज्ञा

'गाय' आणि 'रान' या दोन शब्दांपासून गायरान हा शब्द बनला आहे. प्रमाण मराठीत 'रान' म्हणजे जंगल किंवा ओसाड प्रदेश. पण सोलापूरकडच्या बोलीत रान म्हणजे शेत. 'धनी रानात गेलेत' याचा अर्थ ते शेतात कामाला गेले आहेत. त्या अर्थाने पाहिल्यास प्रत्येक कुणब्याचे जसे रान, तसे गाईचे रान ते गायरान, अशी या शब्दाची गोड उकल होते. ज्याला स्वतःचे रान नाही त्याच्याही जनावराला एक रान आहे, हा आशय त्यात आपोआप येतो.

शासकीय भाषेत याच जमिनीला 'गुरचरण' म्हणतात. 'मुलकी पड' ही महसूल खात्याच्या ताब्यातील पडीक जमिनीची संज्ञा आहे. अशी पड चराईसाठी वापरली जात असली तरी ती गायरान म्हणून नेमलेली असेलच असे नाही. 'कुरण' म्हणजे गवत राखलेली जमीन. कुरणात चराईवर बंधन असते आणि गवत कापून नेले जाते. 'माळ' किंवा 'माळरान' हा भूरूपाचा शब्द असून त्याचा मालकीशी संबंध नाही. बोलण्यात हे सारे शब्द एकमेकांच्या जागी येतात. त्यामुळे गावात ज्याला सर्वजण गायरान म्हणतात ती जमीन दप्तरात वन विभागाची निघणे, हा अनुभव विरळा नाही.

जुन्या ग्रामव्यवस्थेत गावाचे दोन भाग मानले जात: पिकाऊ जमिनीची 'काळी' आणि वस्तीची 'पांढरी'. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे ही विभागणी मराठी वाचकांच्या परिचयाची झाली. गायरान या दोहोंच्या पलीकडे असे. मुरमाड, खडकाळ, नांगराला दाद न देणारी जमीन गुरांसाठी सुटत असे. तिच्या कमी प्रतीमुळेच ती दीर्घकाळ सर्वांची राहिली.

माळाचे स्वरूप आणि चराईचे वर्ष

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वार्षिक पाऊस सरासरीने ५५० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही बेभरवशाचा. भीमा, सीना, माण या नद्यांच्या काठी खोल काळी जमीन आहे. नद्यांपासून दूर गेले की उथळ मातीचे, बेसाल्टी मुरमाचे उंचवटे लागतात. जिल्ह्यातील गायराने प्रामुख्याने अशा उंचवट्यांवर आहेत. पावसाळ्यात त्यांवर मारवेल, पवना, कुसळी यांसारखी गवते येतात. कुसळी कोवळी असताना जनावरे आवडीने खातात. तिला कुसळे फुटली की ती मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत रुततात. बोर, हिवर, बाभूळ, नेपती, तरवड ही इथली नेहमीची झाडे-झुडपे होत.

हा जिल्हा पूर्वापार रब्बी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. रब्बीच्या या परंपरेचा चराईशी थेट संबंध होता. खोल जमिनीची शेते पावसाळ्यात मोकळी ठेवून, त्यांत ओल साठवून, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी होई. तोपर्यंत त्या मोकळ्या रानात उगवलेले तण गुरांना मिळे. पेरणी झाली की जनावरे गायरानात आणि ओढ्याकाठी वळत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी काढून कडबा रचला गेला की 'रान मोकळे झाले' असे म्हणत, आणि धसकटे, बांध, पालापाचोळा यांवर गावातील कोणाचेही जनावर चरू शके. याचा अर्थ असा की सामायिक चराईचे क्षेत्र केवळ गायरानापुरते नव्हते. खासगी शेतजमीनही वर्षातील काही महिने रूढीने सामायिक होत असे. कोणत्याही कागदावर न लिहिलेला हा हक्क भूमिहीनांसाठी गायरानाइतकाच मोलाचा होता.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणानंतर भीमेच्या खोऱ्यात उसाचे क्षेत्र वाढले. ऊस बारा महिने शेत अडवतो, त्यामुळे ते रान मोकळे होतच नाही. सांगोल्याकडे डाळिंबाच्या आणि इतरत्र द्राक्षांच्या बागांना कुंपणे आली. बार्शी भागात सोयाबीनने पावसाळ्यातील पड कमी केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सारे बदल प्रगतीचे होते आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही. मात्र हंगामी चराई आटल्यामुळे शेळ्या-मेंढ्यांचा सारा भार उरलेल्या गायरानावर पडला. माळावर गवत का उरले नाही, याचे निम्मे उत्तर माळाबाहेरच्या या घडामोडींत आहे.

गरिबांच्या उपजीविकेतील स्थान

शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात. या म्हणण्यात एक अट गृहीत आहे: शेळीला चरायला फुकटचे रान हवे. तीन-चार उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्या शेतमजूर बाईला कडबा विकत घेऊन त्या पोसणे परवडत नाही. सकाळी मजुरीला जाताना मुलाकडे किंवा म्हाताऱ्या सासूकडे शेळ्या सोपवायच्या आणि त्यांनी त्या माळावर फिरवून आणायच्या, हा त्या घरचा शिरस्ता असतो. कुटुंबातील ज्या माणसाला मजुरी मिळू शकत नाही त्याचे श्रम असे उपयोगी पडतात. मुलीचे लग्न, दवाखाना, शाळेचा खर्च अशा वेळी बोकड आठवडे बाजारात जातो. बँकेत खाते असले तरी गरीब कुटुंबाची खरी शिल्लक पुष्कळदा अशी चार पायांवर असते आणि गायरान बंद झाले की प्रथम ती मोडली जाते.

सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या तालुक्यांत धनगर समाजाची मोठी वस्ती आहे. दख्खनी मेंढी ही त्यांची पारंपरिक जात असून तिच्या काळ्या लोकरीपासून घोंगडी विणली जाते. मेंढपाळांचे वर्ष फिरतीचे असते. पावसाळ्यात गावाकडच्या माळावर चारा असतो तेव्हा ते घराजवळ राहतात आणि पिके निघाल्यावर कळप घेऊन इतर भागांत जातात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवून खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेण्याची पद्धत आहे. ज्या चार महिन्यांत सर्वत्र पिके उभी असतात, त्याच काळात मेंढ्यांना गावच्या गायरानाखेरीज जागा नसते. म्हणून गायरान क्षेत्राने लहान असले तरी या फिरत्या व्यवसायाचा ते आधार आहे.

चराईखेरीज माळावरून घरी येणाऱ्या वस्तूंची गणना सहसा होत नाही, कारण त्या बाजारात विकल्या जात नाहीत आणि बहुतेक स्त्रिया व मुलेच त्या गोळा करतात. बाभळीचे व हिवराचे वाळके फाटे, गोवऱ्यांसाठी वेचलेले शेण, शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा, उन्हाळ्याच्या तोंडाला बोरे, पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू या भाज्या त्यांत येतात. सोलापूर भागातील जुन्या धाब्याच्या घरांना माळवद म्हणतात. त्यावर मातीचा थर द्यावा लागतो आणि पावसाळ्यापूर्वी तो दुरुस्त करावा लागतो. ही माती गावच्या मोकळ्या जागेतून आणली जाई. घायपातापासून दोर वळणारे मातंग कारागीर, शिंदीच्या पानांपासून केरसुण्या बांधणाऱ्या स्त्रिया, तळ्यातील गाळावर काम करणारा कुंभार, टोपल्या विणणारे कैकाडी अशा अनेकांचा कच्चा माल सामायिक जमिनीतून येत होता. ज्यांच्याकडे बलुत्याचा हक्क होता पण जमीन नव्हती, त्यांच्या धंद्यांना या जमिनींनी भांडवल पुरवले असे म्हणता येईल.

भटक्या समाजांच्या बाबतीत गायरान हे राहण्याचे ठिकाणही होते. पारधी, कैकाडी, वडार यांच्या पालांना गावठाणात जागा मिळत नसे. गावाबाहेरच्या पडीक जमिनीवरच ती पडत. १८७१ च्या कायद्याने यांतील काही जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला गेला आणि सोलापूर शहरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. त्यानंतर अनेक कुटुंबे पुन्हा गावोगावच्या माळांवर आली, परंतु त्यांच्या नावावर जमीन झाली नाही.

अभ्यासकांची पाहणी

सामायिक जमिनींचा आणि दारिद्र्याचा संबंध आकड्यांनी दाखवण्याचे श्रेय प्रामुख्याने अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांना दिले जाते, आणि या अभ्यासाशी सोलापूरचे जवळचे नाते आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सहा गावांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यांपैकी शिरापूर (तालुका मोहोळ) आणि कळमण (तालुका उत्तर सोलापूर) ही दोन गावे सोलापूर जिल्ह्यातील होती. ठरावीक कुटुंबांची मिळकत, खर्च, श्रम आणि जनावरे यांची नोंद तेथे वर्षानुवर्षे ठेवली गेली. जगभरच्या विकास-अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून या दोन गावांची नावे येतात; जिल्ह्यात मात्र ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

जोधा यांनी पुढे कोरडवाहू प्रदेशातील सात राज्यांच्या २१ जिल्ह्यांमधून ऐंशीहून अधिक गावांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८६ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गरीब कुटुंबांपैकी ८४ ते १०० टक्के कुटुंबे जळण, चारा किंवा अन्न यांसाठी सामायिक जमिनींवर अवलंबून होती. सधन शेतकऱ्यांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आत होते. या जमिनींपासून गरिबांना होणारी प्राप्ती इतर सर्व मिळकतीच्या १४ ते २३ टक्के भरत होती. १९५० च्या दशकापासून तीस वर्षांत त्या जमिनींचे क्षेत्र ठिकठिकाणी तृतीयांश ते निम्म्याने घटले होते. सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष वाटपासंबंधीचा होता. सामायिक जमिनी गरिबांना देण्याच्या नावाखाली वाटल्या गेल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांतील निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा गरीब नसलेल्यांकडे गेला. ज्या गरिबांना तुकडे मिळाले त्यांच्यापैकी अनेकांना बैल, बी-बियाणे आणि पाणी यांच्या अभावी ते टिकवता आले नाहीत.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५४ व्या फेरीत (१९९८) देशभर अशी पाहणी झाली. देशाच्या भौगोलिक क्षेत्रापैकी सुमारे १५ टक्के जमीन सामायिक स्वरूपाची असल्याचा आणि ४८ टक्के ग्रामीण कुटुंबे तिच्यापासून काही ना काही गोळा करीत असल्याचा अंदाज तिने दिला. गोळा होणाऱ्या वस्तूंच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या सरपणाचा होता.

इतिहास

इंग्रजी अमदानीत रयतवारी पद्धतीची मोजणी १८३० च्या दशकात सोलापूरला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातून आकाराला आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी बसवलेली ही घडी पुढे दख्खनभर लागू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला आकार आणि प्रत्येक आकाराला एक खातेदार, असे तिचे स्वरूप होते. ज्या जमिनीला खातेदार नाही ती सरकारची, हे सूत्र त्यातूनच रूढ झाले. मुंबई जमीन महसूल संहितेने (१८७९) अशा सरकारी जमिनींपैकी काही गावच्या गुरांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. म्हणजे गावाकडे पूर्वी वहिवाटीने असलेली गोष्ट आता सरकारने दिलेली सवलत ठरली. हा फरक त्या काळी कदाचित कोणाला जाणवला नसेल. पुढील सर्व वादांचे मूळ मात्र त्यात आहे.

१८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगर आणि पडीक जमिनी वन खात्याकडे जाऊ लागल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात गायराने जंगल खात्यात घातल्याबद्दल कडक टीका केली आणि त्यामुळे शेतकऱ्यांना व मेंढपाळांना शेळ्या-बकऱ्या चारायला जागा उरली नसल्याचे दाखवले. मराठीत या प्रश्नाची मांडणी करणारे हे आरंभीचे लेखन होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेखाली सरकारी पडीक जमिनी एकसाली पट्ट्याने लागवडीस दिल्या गेल्या. एका वर्षासाठी दिलेले हे पट्टे अनेक ठिकाणी कायमचे झाले.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा सध्याचा मुख्य कायदा आहे. त्याच्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी सरकारी जमीन विशिष्ट प्रयोजनांसाठी नेमून देऊ शकतात. मोफत चराई, जळण व वैरणीसाठी राखीव जागा, दहन-दफनभूमी, गावठाण, छावणी, खळवाडी, बाजार ही त्यांतील काही प्रयोजने आहेत. कलम २३ प्रमाणे चराईचा हक्क ज्या गावाला जमीन नेमून दिली आहे त्याच गावच्या गुरांपुरता असतो. फिरत्या मेंढपाळांना याचा तोटा होतो. नंतर जोडलेल्या कलम २२-अ ने गायरानाच्या वापरात बदल करण्यास मनाई केली आहे. मात्र दुसरी सरकारी जमीन उपलब्ध नसल्यास सार्वजनिक प्रकल्पांना सूट असून, इतर प्रकल्पांनी दुप्पट क्षेत्राची पर्यायी जमीन द्यावी अशी अट आहे. अतिक्रमण काढण्याचे अधिकार कलम ५० मध्ये आणि ते नियमित करण्याचे कलम ५१ मध्ये आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५१ नुसार मोकळ्या, पडीक व चराईच्या जमिनी ग्रामपंचायतीकडे निहित करता येतात.

तलाठ्याच्या दप्तरात सरकारी जमिनींची नोंद गाव नमुना १-ब मध्ये आणि अतिक्रमणाची नोंद १-ई मध्ये होते. जो जमीन नांगरतो त्याचे नाव, दंडासाठी का होईना, १-ई मध्ये येते आणि पुढे तोच हक्काचा पुरावा होऊ शकतो. तीस वर्षे त्याच माळावर शेळ्या चारणाऱ्या बाईचे नाव मात्र कोणत्याच नमुन्यात नसते. वनहक्क कायद्याने (२००६) वनजमिनीवरील चराईच्या सामूहिक हक्काला मान्यता दिली आहे. पण सोलापुरात वनक्षेत्र थोडे आणि गायरान हे कायद्याने वन नसल्यामुळे त्या कायद्याचा लाभ येथे मर्यादित राहतो.

ग्रामपंचायत अधिनियमात शासकीय जमिनीवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्यपदास अपात्र ठरते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबीयांच्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही हे तत्त्व लागू केले. गायरानाविषयी एरवी उदासीन असलेल्या गावांत निवडणुकीनंतर मोजणीचे अर्ज पडू लागतात, त्याचे कारण हे आहे.

भूमिहीनांचा लढा

गायरानाचा प्रश्न केवळ चराईचा नाही. ज्यांना जातीव्यवस्थेने जमिनीपासून दूर ठेवले त्यांना जमीन कोठून मिळणार, असा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या चळवळीने विचारला आणि सरकारी पडीक जमीन हे त्याचे स्वाभाविक उत्तर होते. १९५० च्या दशकात मराठवाड्यात आणि खानदेशात भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी भूमी सत्याग्रह केला; पडीक जमिनी भूमिहीनांना द्या, ही त्यातील प्रमुख मागणी होती. बीड जिल्ह्यात पुढे एकनाथ आवाड (१९५६–२०१५) यांनी गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांची संघटना बांधली.

या चळवळींच्या परिणामी राज्य शासनाने २७ डिसेंबर १९७८ आणि २८ नोव्हेंबर १९९१ रोजी शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले. दुसऱ्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही मुदत धरली होती. ही तारीख निवडण्यामागचा संकेत स्पष्ट आहे. प्रत्यक्षात पुराव्याची कागदपत्रे, पंचनामे आणि १-ई मधील नोंद यांअभावी अनेक दावे पडून राहिले.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याची योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना शासनाने अधिसूचनेद्वारे दिलेले पट्टे तसेच शाळा-दवाखान्यांसारख्या सार्वजनिक सोयी यांना त्यात अपवाद ठेवला होता. महाराष्ट्राने १२ जुलै २०११ रोजी त्यानुसार शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल केलेल्या याचिकेत राज्याने दिलेल्या माहितीनुसार राज्यातील गायरान सुमारे साडेचार लाख हेक्टर होते. त्यांपैकी सुमारे दहा हजार हेक्टरवर दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे होती आणि ती बहुतेक निवासी होती. ती वर्षअखेरपर्यंत काढण्याचे ठरल्यावर गावोगाव नोटिसा गेल्या, मोर्चे निघाले आणि त्या वर्षाच्या शेवटी कारवाई थांबली.

या आकड्यांचा भागाकार केला तर एका अतिक्रमणाच्या वाट्याला सरासरी पाच गुंठे जमीनही येत नाही. अतिक्रमण हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या कृतींना लावला जातो: घर नसलेल्याने उभारलेले झोपडे, भूमिहीनाने पोटासाठी फोडलेला एकर-दोन एकर माळ, आणि लगतच्या बागायतदाराने दरवर्षी बांध सरकवत गिळलेली जमीन. पहिली दोन डोळ्यांना दिसतात, म्हणून नोटीस त्यांना प्रथम मिळते. तिसरे मोजणी झाल्याशिवाय दिसत नाही आणि मोजणीला गावात सहसा घाई नसते.

माळाचा ऱ्हास आणि नवे वापर

गेल्या काही दशकांत सोलापूरच्या माळांवर वेडी बाभूळ पसरली आहे. मूळच्या अमेरिका खंडातील या झाडाच्या शेंगा जनावरे खातात आणि बी शेणावाटे दूरवर जाते. तिच्याखाली गवत वाढत नाही. पण गरीब घरांची चूल आज मुख्यतः तिच्याच लाकडावर पेटते आणि कोळसा पाडणाऱ्यांनाही तीच मिळते. ती काढून टाकावी असे सांगणाऱ्यांनी सरपणाचाही विचार करायला हवा. याउलट शासकीय वृक्षारोपणाने काही गवताळ माळांवर ग्लिरिसिडियासारखी झाडे आली. झाड म्हणजे सुधारणा आणि गवत म्हणजे ओसाडी, ही समजूत त्यामागे होती.

गवताळ माळाचे दुसरे हक्कदार म्हणजे वन्यजीव. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज परिसर माळढोक, काळवीट आणि लांडगा यांसाठी प्रसिद्ध आहे. १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचे मूळ क्षेत्र सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते, गावे, शहरेही सामावली गेल्याने जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. नंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. आज येथे माळढोकाचे दर्शन अपवादानेच घडते. गवत राखणे मेंढपाळाच्याही हिताचे होते, हे धोरण ठरवताना कोणी त्याला विचारले असते तर कदाचित वेगळे घडले असते.

मुरूम उपसा, वीटभट्ट्या, शासकीय इमारती आणि घरकुले यांसाठीही गायराने वापरली गेली. अलीकडे शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राबवल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळील सरकारी जमिनी सौर प्रकल्पांना भाडेपट्ट्याने दिल्या जातात आणि त्यांत गायरानेही असतात. या विजेचा लाभ विहीर-बोअर असलेल्या शेतकऱ्याला होतो; कुंपणाबाहेर राहिलेल्या शेळ्यांच्या मालकाकडे बहुधा पंप नसतो. काही गावांच्या ग्रामसभांनी या कारणाने विरोधाचे ठराव केले आहेत.

चाऱ्याच्या टंचाईचा खर्च शासनाला दुष्काळात सोसावा लागतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत सांगोला, मंगळवेढा या तालुक्यांत मोठ्या प्रमाणावर चारा छावण्या चालवाव्या लागल्या. त्या मुख्यतः गाई-म्हशी-बैलांसाठी होत्या. शेळ्या-मेंढ्यांचेही पोट आहे, ही मागणी २०१९ मध्ये जोराने पुढे आली.

व्यवस्थापनाचे प्रश्न

अमेरिकी शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये, सर्वांची असलेली कुरणे प्रत्येकाच्या स्वार्थामुळे उजाड होतातच, असे प्रतिपादन केले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 'गव्हर्निंग द कॉमन्स' (१९९०) या ग्रंथात अनेक देशांतील उदाहरणे देऊन ते खोडून काढले. वापरणाऱ्यांनीच नियम केले, देखरेख ठेवली आणि बाहेरच्या सत्तेने तो अधिकार मानला, तर सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असे त्यांनी दाखवले. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सोलापूरच्या गायरानांत ऑस्ट्रॉम यांनी सांगितलेली शेवटची अट कधीच पुरी झाली नाही. वापर गावाचा आणि निर्णय कचेरीचा, अशी विभागणी कायम राहिली.

महाराष्ट्रात गावाने नियम केल्याचे गाजलेले उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे आहे. तेथे १९९० नंतर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी लागू करून गवत कापून नेण्याची पद्धत बसवली गेली. चाऱ्याचे उत्पादन वाढले आणि दूधधंदा उभा राहिला. हाच नमुना आदर्श गाव योजनेतून इतर गावांनी घेतला. गवत कापून नेणे गोठ्यात म्हैस बांधणाऱ्याला सोयीचे असते; शेळी-मेंढीला फिरून चरावे लागते. म्हणून चराईबंदी करताना भूमिहीन शेळीपालकांची काय सोय केली, हे पाहिल्याशिवाय तिच्या यशाचे मोजमाप पुरे होत नाही. काही ग्रामपंचायती गायरानातील गवताचा लिलाव करतात. त्यातून पंचायतीला उत्पन्न मिळते, पण लिलावात बोली लावू शकणारा माणूस फुकट चराईची गरज असलेला नसतो.

इतर सामायिक जागा

गायरानाखेरीज पाणंद रस्ते, गावतळी, ओढे, स्मशानभूमी आणि खळवाडी या जागाही सामायिक असतात. ज्या समाजाच्या नावावर जमीन नाही त्याला अंत्यविधीसाठीही सामायिक जागाच लागते आणि तिची नोंद नसली की वाद होतात.

आषाढी वारीत सोलापूर जिल्ह्यातून जाणाऱ्या पालख्यांचे तळ आणि पुरंदावडे, खुडूस, वाखरी येथील रिंगणे मोकळ्या माळांवर आणि शेतांत होतात. पंढरपुरात नदीपलीकडे वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी राखलेली 'पासष्ट एकर' ही जागा भक्तिसागर म्हणून ओळखली जाते. स्वतःचा तंबू किंवा मठात ओळख नसलेला वारकरी प्रामुख्याने तेथे उतरतो.

खळवाडीत पूर्वी ज्वारीची मळणी होई, आणि खळ्यावर आलेल्या बलुतेदाराला व मागणाऱ्याला सुपातून वाटा घातला जाई. मळणीयंत्र शेताच्या बांधावर येऊ लागल्यापासून बहुतेक गावांतील खळवाड्या ओस पडल्या असून त्यांपैकी काहींवर आता समाजमंदिरे, व्यायामशाळा किंवा कडब्याच्या गंजी दिसतात.